सिंफनी ऑर्केस्ट्राचे परदेश दौरे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाश्चात्त्य अभिजात संगीताचे मोठे वाद्यवृंद दरवर्षी काही आठवडे आपले शहर सोडून देशोदेशी फिरतात. या फिरतीबद्दल श्रोत्यांना पडणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरे दोन वाक्यांत संपतात. काही प्रश्नांपाशी मात्र मुद्दाम थांबावे लागले, कारण ऐन मैफलीत जे कानांवर पडते त्याचे मूळ बहुतेक वेळा तेथेच असते.

दौऱ्यावर नेमकी किती माणसे निघतात?

पूर्ण आकाराच्या सिंफनी ऑर्केस्ट्रात साधारण १०० वादक असतात. माहलर किंवा रिखार्ड श्ट्राउस यांच्या मोठ्या रचना वाजवायच्या असतील तर १६ पहिली व्हायोलिन, १४ दुसरी व्हायोलिन, १२ व्हिओला, १० चेलो आणि ८ डबल बेस अशी ६० तंतुवाद्ये लागतात. लाकडी सुषिर वाद्ये, पितळी वाद्ये, हार्प आणि तालवाद्ये त्याखेरीज. वादकांबरोबर संचालक (कंडक्टर) आणि एकलवादक असतात. शिवाय रंगमंचावरची मांडणी करणारे कामगार, स्वरलेखनाच्या प्रती सांभाळणारा ग्रंथपाल, प्रवासाची व्यवस्था पाहणारे कर्मचारी आणि पुष्कळदा एखादा डॉक्टरही असतो. हा जथा सहज सव्वाशेच्या घरात जातो.

स्वतःचे उत्तम सभागृह असताना हे वाद्यवृंद इतक्या लांब का जातात?

याची नेहमी दिली जाणारी कारणे खरीच आहेत. दौऱ्याने नाव होते, नवे श्रोते मिळतात, ध्वनिमुद्रणांना मागणी येते, आणि चांगल्या वादकांना त्या वाद्यवृंदात यावेसे वाटते. न्यूयॉर्कचे कार्नेगी हॉल, लंडनचा प्रॉम्स महोत्सव, ल्युसर्न आणि साल्झबर्गचे उन्हाळी महोत्सव किंवा टोकियोचे सन्टरी हॉल या ठिकाणी वाजवणे म्हणजे जगातल्या जाणत्या कानांसमोर उभे राहणे होय. तेथील श्रोत्यांनी याच आठवड्यात दुसरा कोणता तरी थोर वाद्यवृंद ऐकलेला असतो.

तरीही मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे कारण वेगळे आहे. वाद्यवृंदाचा स्वतःचा म्हणून जो नाद असतो तो केवळ वादकांच्या हातांतून येत नाही; ज्या सभागृहात ते वर्षानुवर्षे वाजवतात त्या सभागृहाच्या भिंती, छत आणि जमीन यांनीही तो घडवलेला असतो. व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइनचे सोनेरी सभागृह १८७० मध्ये उघडले आणि ॲमस्टरडॅमचे कॉन्सर्टखेबाउ १८८८ मध्ये. दोन्ही सभागृहांत भरगच्च श्रोते असतानाही घुमारा, म्हणजे वाजवणे थांबल्यावरही रेंगाळणारा नाद, सुमारे २ सेकंद टिकतो. अशा ठिकाणी वाढलेल्या तंतुवादकांना स्वर ओढून धरण्याची गरज भासत नाही, कारण सोडलेला स्वर सभागृह सांभाळून घेते. हे सांभाळून घेणे इतके अंगवळणी पडते की आपण त्यावर विसंबून आहोत हेही वादकाच्या लक्षात येत नाही. परक्या सभागृहात तो आधार निघून जातो आणि वाद्यवृंदाला स्वतःचे वाजवणे उघडे ऐकू येते. कोठे गज घाईने उचलला जातो, कोठे हॉर्न चेलोंच्या मागे राहतात, कोणता मृदू भाग प्रत्यक्षात फारसा मृदू नव्हताच, हे सारे दौऱ्यात कळते. तीन आठवड्यांत दहा निरनिराळ्या सभागृहांत तीच रचना वाजवल्यावर वादक एकमेकांना जितके बारकाईने ऐकू लागतात, तितके घरच्या हंगामात क्वचितच घडते.

अशा दौऱ्यांची सुरुवात कधी झाली?

रेल्वे आल्यानंतर. १८८० मध्ये संचालक हान्स फॉन ब्यूलो याने जर्मनीतील मायनिंगेन या छोट्या संस्थानाचा दरबारी वाद्यवृंद हाती घेतला आणि कसून तालमी घेऊन तो गावोगावी नेला. संगीतकार ब्राम्सची चौथी सिंफनी (पूर्ण वाद्यवृंदासाठीची मोठी रचना) २५ ऑक्टोबर १८८५ रोजी मायनिंगेनमध्ये प्रथम वाजली आणि लगोलग याच वाद्यवृंदाबरोबर जर्मनी व नेदरलँड्समधील शहरांच्या दौऱ्यावर निघाली. आज ज्या रचनेवाचून कोणत्याही ऑर्केस्ट्राचे पान हलत नाही, ती अनेक शहरांनी प्रथम ऐकली ती अशी आगगाडीने आलेल्या पाहुण्यांकडून.

बर्लिन फिलहार्मोनिकच्या जन्मामागेही एक दौराच आहे, फक्त तो नाकारलेला दौरा आहे. बर्लिनमधील संचालक बेंजामिन बिल्से याने आपल्या वादकांना एका मैफलीसाठी वॉर्सॉला चौथ्या वर्गाच्या डब्यातून नेण्याचा बेत केला, तेव्हा आधीपासूनच नाराज असलेले ५४ वादक बाहेर पडले आणि १८८२ मध्ये त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद उभारला. वादकाला प्रवासात कसे वागवले जाते हा प्रश्न किरकोळ नाही, हे त्या वर्षापासून सर्वांना ठाऊक आहे.

पुढे १८९८ मध्ये नॉर्वेतील बर्गेन येथे संगीत महोत्सव ठरला. स्थानिक वादकांनाच बोलवावे असा इतरांचा आग्रह असताना संगीतकार एडवर्ड ग्रीग यांनी विलेम मेंगेलबर्ग यांच्या कॉन्सर्टखेबाउ वाद्यवृंदाचाच हट्ट धरला आणि तो पुरा केला. १९१२ मध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा आर्थर निकिश यांच्याबरोबर अमेरिकेला गेला; उत्तर अमेरिकेचा दौरा करणारा तो पहिला ब्रिटिश वाद्यवृंद. त्यांचा प्रवास आधी टायटॅनिक जहाजाने ठरला होता, परंतु तारखा बदलल्यामुळे ते बाल्टिक या जहाजाने गेले. उलट दिशेने, १९२० मध्ये वॉल्टर डॅमरॉश यांनी न्यूयॉर्क सिंफनी युरोपात नेली. व्हिएन्ना फिलहार्मोनिक १९५६ मध्ये प्रथम जपानला गेला आणि तेथील श्रोत्यांशी जडलेले त्याचे नाते आजही टिकून आहे. विमानप्रवास सुकर झाल्यानंतरच्या काळाचे टोक म्हणून २०१३ कडे पाहता येईल. त्या वर्षी कॉन्सर्टखेबाउ वाद्यवृंदाने आपल्या १२५व्या वर्धापनानिमित्त मनुष्यवस्ती असलेल्या सहाही खंडांत मैफली केल्या.

परक्या सभागृहात पोचल्यावर पहिले काम कोणते असते?

कान लावणे. मैफलीच्या दिवशी दुपारी किंवा संध्याकाळी तास-दीड तासाची छोटी तालीम होते. तिचा हेतू रचना बसवणे हा नसतोच. ती केव्हाच बसलेली असते. संचालक मोजके भाग निवडतो: एक अतिशय मृदू सुरुवात, एक पूर्ण ताकदीचा पितळी वाद्यांचा प्रसंग, तंतुवाद्यांचा एखादा जलद भाग, आणि सर्वजण एकदम थांबतात अशी एखादी जागा. त्या थांबण्यानंतर सभागृहात नाद किती वेळ रेंगाळतो, यावरून त्या रात्रीची लय ठरते. घुमारा जास्त असेल तर जलद भाग किंचित सावकाश आणि स्वर अधिक सुटे वाजवावे लागतात, नाही तर सगळे एकमेकांत मिसळून गढूळ होते. सभागृह कोरडे असेल तर स्वरांची लांबी वादकांनाच भरून काढावी लागते. सहाय्यक संचालक बरोबर असेल तर तो श्रोत्यांच्या जागी, कधी पुढच्या रांगेत तर कधी थेट वरच्या सज्जात, बसून ऐकतो आणि मागचे ट्रॉम्बोन पुढच्या व्हिओलांना झाकतात का ते सांगतो. रिकामे सभागृह आणि भरलेले सभागृह यांतला फरक मात्र तालमीत कळत नाही. माणसांचे कपडे आणि शरीरे नाद शोषून घेतात, म्हणून दुपारी घुमणारी जागा रात्री बरीच शांत झालेली असते. अनुभवी संचालक हा फरक मनात धरूनच तालीम घेतो.

सभागृहांच्या घडणीत मुख्यतः दोन घराणी आहेत, असे म्हटले तरी चालेल. म्युझिकफेराइन, कॉन्सर्टखेबाउ आणि १९०० मध्ये उघडलेले बॉस्टनचे सिंफनी हॉल ही लांबट, उंच, खोक्यासारखी सभागृहे आहेत. त्यांच्या बाजूच्या भिंतींवरून परतलेला नाद श्रोत्याला वेढून घेतो. बॉस्टनच्या सभागृहासाठी वॉलेस सॅबाइन या भौतिकशास्त्रज्ञाने घुमाऱ्याचे गणित मांडले होते. दुसरी पद्धत हान्स शारून यांनी बांधलेल्या बर्लिनच्या फिलहार्मोनीची. १९६३ मध्ये उघडलेल्या या सभागृहात वादक जवळजवळ मध्यभागी बसतात आणि श्रोत्यांच्या बैठका द्राक्षमळ्याच्या पायऱ्यांसारख्या चहूबाजूंनी चढत जातात. टोकियोचे सन्टरी हॉल (१९८६), लॉस एंजेलिसचे वॉल्ट डिस्ने कॉन्सर्ट हॉल (२००३) आणि हॅम्बुर्गचे एल्बफिलहार्मोनी (२०१७) यांच्यावर त्याची छाया स्पष्ट दिसते. अशा सभागृहांत नाद स्वच्छ आणि काहीसा निर्दय असतो; एकाच बासूनचा उशीरही वरच्या रांगेत कळतो. लंडनचे रॉयल अल्बर्ट हॉल या दोन्हींत बसत नाही. ५,००० हून अधिक माणसे मावणाऱ्या त्या गोल इमारतीत पूर्वी इतका स्पष्ट प्रतिध्वनी येत असे की १९६९ मध्ये छताखाली मोठ्या तबकड्या टांगाव्या लागल्या. आज म्युझिकफेराइनमध्ये आणि चार दिवसांनी अल्बर्ट हॉलमध्ये तीच ब्रुकनरची सिंफनी वाजवणाऱ्या वादकाला प्रत्यक्षात दोन वेगळ्या रचना वाजवाव्या लागतात.

वाद्ये कशी नेली जातात?

व्हायोलिन, व्हिओला, बासरी, ओबो, क्लॅरिनेट अशी लहान वाद्ये पुष्कळ वादक स्वतःजवळ ठेवतात. चेलोसाठी कधी विमानात वेगळे आसन घेतले जाते, तर कधी तो इतर मोठ्या वाद्यांबरोबर माल म्हणून जातो. डबल बेस, हार्प, टिंपनी (मोठे नगारे), ट्युबा आणि मोठी तालवाद्ये आतून गादीसारखे अस्तर असलेल्या कठीण पेट्यांमध्ये ठेवून पाठवली जातात. त्यांबरोबर पोशाखांच्या उंच पेट्या असतात आणि स्वरलेखनाच्या प्रतींच्या पेट्या असतात. पियानो सहसा नेला जात नाही. तो स्थानिक सभागृहाचा वापरतात आणि पाहुण्यांच्या स्वरपट्टीला लावून घेतात.

पेट्या आपटण्याची भीती सर्वांना वाटते, पण जाणकारांना अधिक धास्ती असते ती हवेची. दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या व्हायोलिनचे लाकूड हवेतील ओलाव्याप्रमाणे फुगते आणि आकसते. थंडीत तापवलेल्या कोरड्या खोल्यांमधून दमट समुद्रकाठच्या शहरात गेल्यावर सांधे सुटणे किंवा पृष्ठभागाला चीर जाणे अशक्य नसते. म्हणून वाद्यांच्या पेट्यांत ओलावा राखणारी साधने ठेवतात, मालवाहू विमानात आणि ट्रकमध्ये तापमान नियंत्रित ठेवण्याचा आग्रह धरतात, आणि पेट्या पोचल्यावर त्या लगेच न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ देतात. ओबो आणि बासूनच्या वादकांची चिंता आणखी बारीक असते. त्यांचा सारा नाद रीडवर, म्हणजे बोरूच्या दुहेरी पातळ पत्तीवर, अवलंबून असतो. ती पत्ती ओलाव्याने आणि समुद्रसपाटीपासूनच्या उंचीने बदलते, त्यामुळे ते वादक प्रत्येक शहरात रीड नव्याने तासत बसलेले दिसतात. व्हिएन्ना फिलहार्मोनिकच्या टिंपनींवर बोकडाचे कातडे असते. दमट हवेत ते सैलावते आणि वादकाला मैफलभर त्याच्याशी झगडावे लागते. तरीही त्यांनी ते बदललेले नाही, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. सगळीकडचे नाद हळूहळू एकसारखे होत असताना, गैरसोय पत्करूनही काहीतरी वेगळे सांभाळणारी माणसे हवीत.

सीमाशुल्क विभागात अडचणी येतात का?

येतात, आणि त्या दोन प्रकारच्या असतात. पहिला प्रकार आयातशुल्काचा. कोट्यवधी किमतीची वाद्ये देशात येतात आणि आठवड्याने बाहेर जातात. ती विक्रीसाठी आणलेली नाहीत हे सिद्ध करावे लागते. त्यासाठी एटीए कार्नेट नावाचा दस्तऐवज असतो. त्यात प्रत्येक वाद्याची, प्रत्येक गजाची नोंद किमतीसह केलेली असते आणि तो साधारण एक वर्ष चालतो. यादीतील एखादी वस्तू परत जाताना कमी भरली, तर शुल्काची मागणी होऊ शकते.

दुसरा प्रकार अधिक नाजूक आहे. जुन्या गजांच्या टोकाला हस्तिदंत असतो, मुठीला कधी कासवाचे कवच असते, आणि काही वाद्यांत ब्राझिलियन शिसवीचे लाकूड असते. धोक्यात आलेल्या प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारामुळे, म्हणजे साइट्समुळे, या वस्तू सीमेपार नेण्यावर निर्बंध आहेत. वादकांची अडचण ओळखून २०१३ मध्ये वाद्यांसाठी वेगळे प्रवास प्रमाणपत्र सुरू करण्यात आले. तरीही २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या विमानतळावर बुडापेस्ट फेस्टिव्हल ऑर्केस्ट्राचे सात गज हस्तिदंताच्या संशयावरून काढून घेण्यात आले होते. २०१७ पासून शिसवीच्या जवळजवळ सर्व जातींवर निर्बंध आले, तेव्हा क्लॅरिनेट आणि ओबोवाल्यांचीही धावपळ झाली. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, मात्र ब्राझिलियन शिसवीवरचा कडक निर्बंध कायम राहिला. हत्ती आणि जंगले वाचावीत असे वाटणाऱ्यांनाही, एका शतकापूर्वीच्या गजाच्या टोकावरील नखाएवढ्या तुकड्याचा हिशेब वेगळा असावा, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

सर्व वाद्यवृंदांची स्वरपट्टी एकच असते का?

नाही. 'ए' या आधारस्वरासाठी सेकंदाला ४४० कंपने हे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे, पण बर्लिन आणि व्हिएन्नाचे वाद्यवृंद सुमारे ४४३ वर लावतात. फरक कानाला लहान वाटतो. तरी ग्लॉकेनश्पील किंवा मरिंबा यांसारखी ज्यांचा स्वर बदलता येत नाही अशी वाद्ये दौऱ्यात भाड्याने घ्यायची असतील, तर ती त्याच पट्टीची आहेत ना, हे आधी पाहावे लागते.

कोणत्या रचना वाजवायच्या हे कोण ठरवते?

संचालक, वाद्यवृंदाचे व्यवस्थापन आणि निमंत्रण देणारी संस्था यांच्या वाटाघाटींतून ते ठरते, आणि ही बोलणी दोन-तीन वर्षे आधी सुरू होतात. बहुधा दोन किंवा तीन कार्यक्रम तयार करून ते शहरांत आलटूनपालटून वाजवले जातात. निमंत्रकाला सभागृह भरायचे असते, म्हणून तो बीथोव्हन, चायकोव्हस्की, माहलर, ड्वोर्झाक मागतो. वाद्यवृंदाला आपल्या देशाचे काही तरी ऐकवायचे असते. एकलवादकाची पसंती तिसरी. नव्या रचनांना दौऱ्यात फार कमी जागा मिळते, ही खेदाची गोष्ट आहे. जो वाद्यवृंद फक्त लोकप्रिय सिंफनी घेऊन निघतो तो आपल्या श्रोत्यांना कमी लेखतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

कधी यजमान देशच कार्यक्रमात हात घालतो. १९७३ मध्ये यूजीन ऑर्मंडी फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा घेऊन चीनमध्ये गेले, तेव्हा माओंच्या पत्नी जियांग चिंग यांनी बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीऐवजी सहावी ऐकण्याची इच्छा व्यक्त केली. ऑर्मंडींना ती सिंफनी फारशी आवडत नसे आणि वाद्यवृंदाने तिच्या प्रती बरोबर आणलेल्या नव्हत्या. त्या तेथेच मिळवाव्या लागल्या. मैफल मात्र झाली. १९८४ मध्ये उलट घडले. झुबिन मेहता यांच्या न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या आशिया दौऱ्यात अर्नेस्ट ब्लॉख यांची 'शेलोमो' ही चेलोची रचना होती. तिचे उपशीर्षक 'हिब्रू रॅप्सडी' असल्याने मलेशियाच्या सरकारने ती वगळण्यास सांगितले, आणि अखेर मलेशियातील मैफलीच रद्द झाल्या. काय वाजवायचे हे सरकारने सांगावे आणि आपण ते निमूटपणे मान्य करावे, ही सवय एकदा लागली की सुटत नाही. म्हणून मैफली रद्द करण्याचा तो निर्णय मला योग्य वाटतो.

हे दौरे खरोखर राजनैतिक साधन असतात का?

शीतयुद्धाच्या काळात ते उघडपणे तसे होते. १९५४ पासून अमेरिकी सरकारने कलावंतांच्या परदेश दौऱ्यांना पैसा पुरवण्यास सुरुवात केली. १९५६ मध्ये शार्ल म्युन्श यांच्याबरोबर बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्रा सोव्हिएत संघात वाजवणारा पहिला अमेरिकी वाद्यवृंद ठरला. १९५९ मध्ये लेनर्ड बर्न्स्टाइन न्यूयॉर्क फिलहार्मोनिक घेऊन मॉस्कोला गेले आणि त्यांनी शोस्टाकोविच यांची पाचवी सिंफनी खुद्द शोस्टाकोविच श्रोत्यांत बसलेले असताना वाजवली. ती संपल्यावर संगीतकार रंगमंचावर आले. दहा वर्षांनी, १९६९ मध्ये, संचालक हर्बर्ट फॉन कारायान आणि बर्लिन फिलहार्मोनिक यांनी त्याच शहरात शोस्टाकोविच यांची दहावी सिंफनी त्यांच्या उपस्थितीत सादर केली. महायुद्धात ज्या दोन देशांनी एकमेकांची एवढी माणसे मारली, त्यांच्यातील एका देशाचा वाद्यवृंद दुसऱ्याच्या राजधानीत जाऊन तेथील संगीतकाराची सिंफनी वाजवतो, तेव्हा त्या संध्याकाळी नेमके काय घडले हे कोणत्याही संयुक्त निवेदनात लिहिता येत नाही.

चीनचे दरवाजे किलकिले झाले तेव्हा १९७३ या एकाच वर्षात लंडन फिलहार्मोनिक, व्हिएन्ना फिलहार्मोनिक आणि फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा तेथे जाऊन आले. १९७९ मध्ये सेइजी ओझावा बॉस्टनचा वाद्यवृंद घेऊन गेले. २६ फेब्रुवारी २००८ रोजी लॉरिन माझेल आणि न्यूयॉर्क फिलहार्मोनिक यांची उत्तर कोरियातील प्याँगयाँग येथे मैफल झाली आणि ती तेथील दूरचित्रवाणीवरून थेट दाखवली गेली.

अशा दौऱ्यांवर टीकाही होते. जुलमी राजवटीला त्यातून प्रतिष्ठा मिळते, हा आक्षेप खोटा नाही. वाद्यवृंद स्वतःच वादाचा विषय होतो असेही घडते: १९५५ मध्ये कारायान बर्लिन फिलहार्मोनिक घेऊन अमेरिकेत गेले, तेव्हा त्यांच्या नाझी पक्षाच्या सदस्यत्वामुळे कार्नेगी हॉलबाहेर निदर्शने झाली. मैफलीने धोरणे बदलतात असे मानणे भाबडेपणाचे आहे, हे मला मान्य आहे. पण मैफल ऐकणारा माणूस आणि त्याचे सरकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वाद्यवृंद वाजवतो तो त्या माणसासाठी.

खर्च कोण भागवतो?

निमंत्रण देणारी संस्था प्रत्येक मैफलीसाठी ठरावीक मानधन देते. प्रवास, निवास, मालवाहतूक, विमा आणि भत्ते यांचा खर्च त्यातून बहुधा पूर्ण भरून निघत नाही, म्हणून उरलेला भाग प्रायोजक कंपन्या, देणगीदार, सरकारी किंवा नगरपालिकेची अनुदाने यांतून उभा करावा लागतो. एका शहरात एकच मैफल करून पुढे जाणे सर्वांत महाग पडते. दौऱ्याच्या मार्गात एखादी मैफल रद्द झाली, तर वादकांना त्या दिवशीही राहावे आणि जेवावे लागते. मानधन मात्र बुडालेले असते.

वादकांचा दिवस कसा जातो?

बाहेरून वाटतो तितका रम्य नसतो. सकाळी सामान खोलीबाहेर ठेवायचे, बस, विमान किंवा आगगाडी, दुपारी नवे हॉटेल, थोडी विश्रांती, संध्याकाळची छोटी तालीम, काहीतरी खाणे, मैफल, आणि पुन्हा उद्याची तयारी. अनेक वाद्यवृंदांच्या करारांत सलग किती दिवस प्रवास करायचा, प्रवासाच्या दिवशी मैफल असावी की नसावी, आणि किती दिवसांनी सुट्टी द्यायची हे लिहिलेले असते. घड्याळ पुष्कळ तासांनी बदलले की शरीराला साधारण एका तासाच्या फरकासाठी एक दिवस लागतो. म्हणून दूरच्या दौऱ्यात पहिल्या मैफलीआधी एक-दोन मोकळे दिवस ठेवणे हा शहाणपणा आहे. हॉटेलच्या खोलीत पितळी वाद्याचा सराव करता येत नाही, त्यामुळे ट्रम्पेट आणि हॉर्नवाले सभागृह उघडण्याची वाट पाहत असतात. ओठांचा सराव दोन दिवस चुकला तरी त्यांना फरक जाणवतो.

२०२० च्या नोव्हेंबरमध्ये महामारीच्या ऐन काळात व्हिएन्ना फिलहार्मोनिक खास विमानाने जपानला गेला. वादकांना हॉटेल, सभागृह आणि वाहन याखेरीज कोठेही जाण्याची मुभा नव्हती. आठवड्याहून अधिक काळ अशा बंदिवासात राहून ते वाजवत होते, आणि सभागृहात श्रोते बसलेले होते. त्या काळात जगातील बहुतेक रंगमंच रिकामे होते, हे लक्षात घेतले म्हणजे वादकांनी ती बंधने का स्वीकारली असतील ते समजते.

संचालक ऐनवेळी आजारी पडला किंवा येऊ शकला नाही तर?

सहाय्यक संचालक तयार असतो किंवा जवळच्या शहरातून कोणाला तरी बोलावले जाते. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर कार्नेगी हॉलमधील व्हिएन्ना फिलहार्मोनिकच्या मैफलींतून वालेरी गेर्गिएव्ह यांना वगळण्यात आले आणि यानिक नेझे-सेगाँ उभे राहिले. पियानोवादक डेनिस मात्सुएव्ह यांच्या जागी सेओंग-जिन चो आले. या प्रकारातले सर्वांत विलक्षण उदाहरण ऑपेराच्या एका दौऱ्यातले आहे. १८८६ मध्ये एक इटालियन मंडळी रिओ दि जानिरो येथे असताना संचालकांवरून गोंधळ झाला आणि श्रोत्यांनी आरडाओरडा सुरू केला. तेव्हा चेलो वाजवणाऱ्या १९ वर्षांच्या मुलाला पुढे करण्यात आले. त्याने 'आयदा' हा संपूर्ण ऑपेरा स्वरलेखन न पाहता संचालित केला. त्याचे नाव आर्तुरो तोस्कानिनी.

विमानप्रवासाने होणाऱ्या प्रदूषणाचे काय?

हा प्रश्न आता वादकच विचारू लागले आहेत, आणि तो टाळता येण्यासारखा नाही. शंभराहून अधिक माणसे आणि काही टन सामान एका मैफलीसाठी महासागर ओलांडून नेणे आज समर्थनीय वाटत नाही. युरोपातील जवळच्या शहरांत आगगाडीने जाणे, तसेच एकाच शहरात आठवडाभर राहून अनेक मैफली, शाळांमधील कार्यक्रम आणि तरुण वादकांसाठी वर्ग घेणे, हे मार्ग पुढे येत आहेत. मुक्कामाची ही कल्पना नवी नाही. कारायान यांनी १९६७ मध्ये साल्झबर्गचा ईस्टर महोत्सव सुरू केला, तेव्हापासून बर्लिन फिलहार्मोनिक वसंतात काही दिवस एकाच गावी राहून वाजवत आला. २०१३ मध्ये त्याने हा मुक्काम बाडेन-बाडेन येथे हलवला होता. लांब मुक्काम कलेच्या दृष्टीनेही मला अधिक हितकर वाटतो. तिसऱ्या रात्री वाद्यवृंदाला त्या सभागृहाची ओळख झालेली असते, आणि तिसऱ्या रात्रीची मैफल पहिल्या रात्रीपेक्षा जवळजवळ नेहमीच सरस होते.

घरबसल्या थेट प्रक्षेपण ऐकता येत असताना दौरे हवेतच कशाला?

बर्लिन फिलहार्मोनिकने २००८ मध्ये आपले डिजिटल कॉन्सर्ट हॉल सुरू केले, आणि ज्यांच्या शहरात असा वाद्यवृंद कधीच येणार नाही त्यांच्यासाठी तो मोठाच लाभ आहे. परंतु आठ डबल बेस एकदम वाजू लागल्यावर आसनाखालची जमीन कंप पावते, किंवा साठ तंतुवाद्ये ऐकू येईल न येईल इतक्या हळू वाजवताना दोन हजार माणसे श्वास रोखतात, हा अनुभव कोणत्याही ध्वनिक्षेपकातून येत नाही.

कार्यक्रम संपल्यावर जी जादा रचना वाजवतात, ती ऐनवेळी ठरते का?

क्वचितच. मराठीत ज्याला वन्समोअर म्हणतात त्यात तोच भाग पुन्हा म्हटला जातो; येथे बहुधा वेगळी, छोटी रचना वाजवली जाते, आणि तिच्या प्रती मैफलीपूर्वीच प्रत्येक वादकाच्या स्टँडवर शेवटी ठेवलेल्या असतात. वाजवायची की नाही, हे मात्र टाळ्यांचा जोर पाहून संचालक कॉन्सर्टमास्टरच्या, म्हणजे पहिल्या व्हायोलिनांच्या प्रमुखाच्या, कानात सांगतो. व्हिएन्नाचे वादक बहुधा श्ट्राउस घराण्यातील वॉल्ट्झ किंवा पोल्का काढतात. बुडापेस्ट फेस्टिव्हल ऑर्केस्ट्राचे वादक कधी कधी वाद्ये खाली ठेवून, उभे राहून, चक्क समूहगान गातात. यजमान देशाची एखादी धून वाजवण्याचीही प्रथा आहे. ती नुसत्या उपचारासाठी वाजवली तर श्रोत्यांना लगेच कळते. प्याँगयाँगच्या मैफलीत ड्वोर्झाक आणि गर्श्विन झाल्यावर न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने शेवटी 'अरिरांग' हे कोरियाच्या दोन्ही भागांत सर्वांना पाठ असलेले लोकगीत वाजवले. टाळ्या थांबेनात. वादक रंगमंचावरून निघताना श्रोत्यांकडे पाहून हात हलवू लागले, आणि तोवर ताठ बसलेल्या श्रोत्यांनीही हात वर करून त्यांना निरोप दिला.